विश्लेषण : तापमान सेन्सर तापमान सांगतच नाही! मग पडद्यावरचा आकडा येतो कुठून?

कॉलेजच्या प्रोजेक्टपासून कांदा चाळीपर्यंत सगळीकडे तीन पायांचा छोटा अॅनालॉग सेन्सर वापरला जातो. बोर्ड ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्टवर आले, पण आपले सेन्सर आणि कोड बरेचदा मागेच राहिले. त्यातून चुकीचे आकडे कसे तयार होतात आणि ते घरच्या घरी कसे पकडायचे?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या चौघांच्या गटाने कांदा चाळीसाठी तापमान सांगणारा डबा तयार केला होता. आत एक एलएम३५ सेन्सर, एक नोडएमसीयू बोर्ड, छोटा पडदा आणि तापमान ३८ अंशांच्या वर गेलं की मोबाइलवर इशारा. परीक्षा झाली, प्रात्यक्षिक झालं, गुण उत्तम मिळाले. परीक्षकांनी खर्च विचारला, अॅपचे रंग पाहिले, ‘फ्यूचर स्कोप’ विचारला. आकडा बरोबर आहे का, हे कोणीही विचारलं नाही.

तो प्रश्न विचारला मित्राच्या वडिलांनी. निफाडकडे त्यांची चाळ आहे. एप्रिलच्या अखेरीस उन्हाळ कांदा नुकताच भरला होता. डबा बसवला आणि दुपारी मोबाइलवर इशारा आला : ४०.५ अंश. काकांनी शेजारी टांगलेला काचेचा थर्मामीटर काढून दाखवला. त्यावर ३६ होते. दुसऱ्या दिवशी पहाटे काचेवर २१, आमच्या डब्यावर १७.८. काका म्हणाले, “पोरांनो, डब्याचं ऐकू का काचेचं? डब्याचं ऐकून घाबरून कांदा बाजारात काढला असता, तर भाव कोण देणार होतं?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. सेन्सर खराब असेल, असं आम्ही म्हणालो. सेन्सर खराब नव्हता. चूक आमची होती. गेल्या काही वर्षांत अशीच चूक मी इतक्या प्रोजेक्टमध्ये पाहिली आहे की त्याबद्दल लिहिणं गरजेचं वाटतं.

सेन्सर नेमकं देतो काय?

एलएम३५, टीएमपी३६ किंवा एमसीपी९७०० यांपैकी कोणताही सेन्सर ‘२७ अंश’ असं सांगत नाही. तो फक्त एक व्होल्टेज देतो. तापमान एक अंशाने वाढलं की हे व्होल्टेज १० मिलिव्होल्टने वाढतं. बस्स, सेन्सरचं काम इथे संपलं.

आत काय घडतं? सिलिकॉनच्या जोडातून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्यावरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं. वेगवेगळ्या घनतेचा प्रवाह वाहणारे दोन ट्रान्झिस्टर शेजारी ठेवले, तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक थेट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. चिपमधलं सर्किट हा फरक वाढवतं आणि १० मिलिव्होल्ट प्रतिअंश असा सरळ हिशेब बाहेर देतं.

पुढचं काम बोर्डाचं. बोर्डावरचा एडीसी, म्हणजे अॅनालॉग व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग, आलेलं व्होल्टेज एका ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहतो. त्याला संदर्भ व्होल्टेज म्हणतात. आर्डुइनो उनोवर ते सर्वसाधारणपणे ५ व्होल्ट असतं आणि एडीसी त्याचे १०२४ भाग करतो. म्हणजे त्याला येतं ते फक्त ‘तुमचं व्होल्टेज ५ व्होल्टच्या तुलनेत एवढे भाग आहे’ असं सांगणं. त्या भागांपासून तापमान काढायचं सूत्र आपण कोडमध्ये लिहितो.

थोडक्यात, पडद्यावरचं तापमान हा सेन्सरचा नव्हे, आपला दावा असतो. सूत्रातली प्रत्येक संख्या खरी असेल, तरच तो दावा खरा.

आमची चूक कुठे झाली?

आम्ही इंटरनेटवरून घेतलेला कोड आर्डुइनो उनोसाठी होता. त्यात संदर्भ व्होल्टेज ५ धरलेलं होतं. आमचा नोडएमसीयू मात्र अॅनालॉग पिनवर सुमारे ३.३ व्होल्टपर्यंतच मोजतो. त्यामुळे प्रत्येक रीडिंग ५ भागिले ३.३, म्हणजे जवळपास दीडपट येत होतं. प्रयोगशाळेत २७ अंश असताना पडद्यावर ४१ दिसले.

तेव्हा आम्ही जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. कारण न शोधता कोडमध्ये ‘वजा १४’ लिहून टाकलं. पडद्यावर २७ आले. सगळे खूश!

पण चूक गुणाकाराची होती आणि आम्ही दुरुस्ती केली वजाबाकीची. २७ अंशांच्या आसपास हिशेब जुळत होता, इतरत्र नाही. चाळीतल्या ३६ अंशांचे आधी ५४.५ झाले, त्यातून १४ वजा झाले, उरले ४०.५. पहाटेच्या २१ अंशांचे ३१.८, वजा १४, उरले १७.८. दुपारी साडेचार अंश जास्त, पहाटे तीन अंश कमी. काकांच्या काचेने पकडली ती हीच चूक.

गंमत म्हणजे हे सगळं आम्हाला अकरावीतच शिकवलं होतं. वर्नियर कॅलिपर हातात देताना सरांनी आधी लीस्ट काउंट काढायला लावला होता, मग झिरो एरर. त्याशिवाय वहीवर सही मिळत नसे. दोन्ही गोष्टी आम्ही पाठ केल्या आणि हातात बोर्ड आल्यावर विसरून गेलो. पडद्यावर आकडा चमकला की तो खरा वाटू लागतो, हेच खरं.

‘लो-व्होल्टेज’ म्हणजे काय आणि ते का महत्त्वाचं?

आमचा डबा वीज गेल्यावर लिथियम सेलवर चालावा, असा आमचा आग्रह होता. तिथे दुसरी अडचण आली. एलएम३५ला चालायला किमान ४ व्होल्ट लागतात. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो, पण तो थोड्याच वेळात ४च्या खाली येतो आणि बराच काळ ३.७च्या आसपास राहतो. त्यामुळे रात्री वीज गेली की आमचा सेन्सर त्याच्या मर्यादेबाहेर काम करत होता. तो बंद पडत नव्हता. काहीतरी आकडा देतच होता. बंद पडलेला सेन्सर लगेच लक्षात येतो, पण चुकीचा आकडा देणारा सहज खपून जातो.

एलएम३५ हा ५ व्होल्टच्या जमान्यातला सेन्सर आहे. तो वाईट मुळीच नाही, उलट त्याची मूळ अचूकता चांगली आहे. पण आज विद्यार्थ्यांच्या हातात ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको असे ३.३ व्होल्टचे बोर्ड असतात. त्यांच्यासाठी कमी व्होल्टेजवर चालणारे अॅनालॉग सेन्सर उपलब्ध आहेत. सहज मिळणाऱ्या तिघांची तुलना अशी :

एलएम३५ : ४ ते ३० व्होल्ट. शून्य अंशाला शून्य मिलिव्होल्ट, २५ अंशांना २५० मिलिव्होल्ट. साध्या जोडणीत साधारण २ अंशांच्या खाली मोजता येत नाही.

टीएमपी३६ : २.७ ते ५.५ व्होल्ट. शून्य अंशाला ५०० मिलिव्होल्ट, २५ अंशांना ७५० मिलिव्होल्ट. उणे ४० ते १२५ अंश. २५ अंशांच्या आसपास साधारण एक अंश इकडेतिकडे, पूर्ण पट्ट्यात साधारण दोन.

एमसीपी९७०० : २.३ ते ५.५ व्होल्ट. शून्य अंशाला ५०० मिलिव्होल्ट. स्वतः जेमतेम ६ मायक्रोअँपियर प्रवाह घेतो, म्हणून बॅटरीवरच्या कामाला उत्तम. पण साध्या प्रकारात ४ अंशांपर्यंत चूक शक्य असते. ‘ए’ अक्षराच्या प्रकारात ती मर्यादा २ अंशांची आहे.

शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. चार अंशांची चूक करू शकणारा सेन्सर कोणतीही दुरुस्ती न करता तिथे लावला, तर पडद्यावर ६ दिसत असताना आत १० अंश असू शकतात. खोलीतल्या पंख्यासाठी हाच सेन्सर पुरेसा आहे. सेन्सर चांगला की वाईट, हे तो कुठे लावणार यावर ठरतं.

५०० मिलिव्होल्टचा फायदा आणि फटका

टीएमपी३६ शून्य अंशाला ५०० मिलिव्होल्ट का देतो? त्यामुळे उणे तापमानही उणे व्होल्टेजशिवाय मोजता येतं, हे एक कारण. आपल्याकडे उणे तापमानाशी फार संबंध येत नाही, पण दुसरा फायदा कामाचा आहे. ईएसपी३२चा एडीसी अगदी कमी व्होल्टेज नीट ओळखत नाही. त्याच्या सर्वात मोठ्या पट्ट्यात साधारण १५० ते २४५० मिलिव्होल्ट एवढाच भाग भरवशाचा आहे, असं बनवणाऱ्या कंपनीचीच कागदपत्रं सांगतात. एलएम३५ १० अंशांना १०० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे डिसेंबरातली निफाडची पहाट थेट या आंधळ्या कोपऱ्यात जाते. टीएमपी३६ त्याच वेळी ६०० मिलिव्होल्ट देतो आणि एडीसीला ते व्यवस्थित दिसतात.

पण याच ५०० मिलिव्होल्टचा फटकाही बसतो. तुमच्या कोडमध्ये संदर्भ व्होल्टेज ५ लिहिलेलं आहे आणि यूएसबी केबलमधून बोर्डाला प्रत्यक्षात ४.७५ मिळतात, असं समजा. लांब किंवा हलक्या केबलवर असं सहज होतं. खोलीत २५ अंश आहेत. एलएम३५ वापरला तर पडद्यावर २६.३ येतील, म्हणजे सव्वा अंशाची चूक. टीएमपी३६ वापरला तर २८.९ येतील, म्हणजे जवळपास चार अंश! कारण ५ टक्क्यांची चूक फक्त तापमानाच्या २५० मिलिव्होल्टवर नाही, तर मूळच्या ५०० मिलिव्होल्टवरही लागते.

उपाय सोपे आहेत. मल्टिमीटरने बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरचं खरं व्होल्टेज मोजा आणि तेच कोडमध्ये लिहा. त्याहून बरं म्हणजे उनोमध्ये आतच असलेला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरा. तो पुरवठ्याबरोबर वरखाली होत नाही. प्रत्येक चिपमध्ये तो थोडा वेगळा असू शकतो, पण एकदा मोजून कोडमध्ये लिहिला की झालं. तो वापरला तर टीएमपी३६ ६० अंशांपर्यंत मोजू शकतो, आपल्या हवामानासाठी तेवढं पुरे. ईएसपी३२वर साध्या सूत्राऐवजी कारखान्यातली दुरुस्ती लावून मिलिव्होल्ट देणारं फंक्शन वापरा आणि एकाच्या जागी वीस-तीस रीडिंगची सरासरी घ्या.

दशांश चिन्हानंतरची फसवणूक

५ व्होल्टचे १०२४ भाग केले तर एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा होतो. १० मिलिव्होल्ट म्हणजे एक अंश, म्हणून एक भाग जवळपास अर्ध्या अंशाचा. या बोर्डाला त्याहून लहान फरक एका रीडिंगमध्ये दिसूच शकत नाही. तरीही प्रोजेक्टच्या पडद्यावर २७.३४ असं झळकतं. त्यातले ३४ हे कोडमधल्या भागाकारातून आलेले असतात, हवेतून नव्हे. १.१ व्होल्टचा संदर्भ घेतला तर एक भाग साधारण अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढा होतो. तेव्हा एक दशांश स्थळ दाखवायला हरकत नाही.

पण बारीक मोजणं आणि बरोबर मोजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन अंशांनी चुकणारा सेन्सर अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत वाचला, तरी तो दोन अंशांनीच चुकणार.

सेन्सर कोणाचं तापमान मोजतोय?

सूत्र बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी आकडा चुकू शकतो. सेन्सर हवेचं नव्हे, स्वतःचं तापमान मोजतो. आणि या तीन पायांच्या सेन्सरच्या आत उष्णता मुख्यतः त्याच्या धातूच्या पायांतून शिरते. म्हणून तो बोर्डावरच सोल्डर केला, तर खोलीपेक्षा बोर्डाचं तापमान जास्त सांगतो. शेजारी वायफायची चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटर तापत असतात. वर बंद प्लास्टिकचा डबा असेल तर बघायलाच नको.

हवामान खात्याचे थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून वर आणि सावलीत का असतात, याचं उत्तर इथे आहे. मे महिन्यात आमच्या डिजिटल डेस्कला दरवर्षी फोटो येतात : ‘तुम्ही ४२ छापताय, आमच्या गच्चीवर ४९ आहे!’ पाठवणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या गच्चीवरचा डबा खरोखरच ४९ अंशांना तापलेला असतो. पण ते शहराचं तापमान नव्हे. आता मी असा फोटो आला की आधी विचारतो, सेन्सर सावलीत आहे का आणि डब्याच्या आत आहे की बाहेर?

सेन्सर बोर्डापासून थोड्या लांब, वायरवर, हवा खेळेल अशा जागी ठेवा. त्याच्या पुरवठ्याजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब वायर नेणार असाल, तर मात्र अॅनालॉगचा हट्ट सोडा. काही मिलिव्होल्टच्या हिशेबात पंपाच्या मोटारीचा आणि वायरमध्ये शिरणारा गोंगाट सगळं बिघडवतो.

घरच्या घरी तपासायचं कसं?

प्रयोगशाळा लागत नाही. तीन गोष्टी पुरतात : साधा मल्टिमीटर, बर्फ आणि तापाचा थर्मामीटर.

पहिलं, पाय तपासा. एलएम३५, टीएमपी३६ आणि एमसीपी९७०० या तिघांचीही सपाट बाजू आपल्याकडे असताना डावा पाय पुरवठा, मधला आउटपुट, उजवा ग्राउंड. पण डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर अगदी तसाच दिसतो आणि त्याचा पुरवठा व ग्राउंड उलटे असतात. उलटा लावलेला सेन्सर बोट भाजेल इतका तापतो. अंगावरचा क्रमांक भिंगाने वाचून मगच जोडा.

दुसरं, बर्फ. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र ढवळा. हे मिश्रण शून्य अंशाला असतं. सेन्सरचे पाय हीट-श्रिंक नळीने किंवा घट्ट प्लास्टिक पिशवीने पाण्यापासून वाचवा आणि काही मिनिटं बुडवून ठेवा. टीएमपी३६ असेल तर मल्टिमीटरवर ५०० मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. ५१२ आले तर तुमचा सेन्सर १.२ अंश जास्त दाखवतो. एलएम३५ साध्या जोडणीत शून्यापर्यंत उतरत नाही, म्हणून त्याला ही परीक्षा लावू नका. त्याच्यासाठी गार पाणी आणि काचेचा थर्मामीटर बरा.

तिसरं, कोमट पाणी. भांड्यात अंगाला सोसेल असं कोमट पाणी घ्या, तापाचा थर्मामीटर आणि सेन्सर शेजारी शेजारी धरा. थर्मामीटर ३८ दाखवत असेल तर टीएमपी३६ने ८८० मिलिव्होल्ट दाखवायला हवेत.

दोन बिंदू का? कारण एकाच बिंदूवर जुळवलेला आकडा काय करतो, ते आमच्या ‘वजा १४’ने दाखवलं आहे. दोन ठिकाणी तपासलं की चूक सगळीकडे सारखी आहे की वाढत जाते, हे कळतं. पहिल्या प्रकारात वजाबाकी करा, दुसऱ्यात गुणाकार दुरुस्त करा.

उकळतं पाणी १०० अंश धरू नका. ते समुद्रसपाटीला खरं आहे. उंची वाढते तसं पाणी कमी तापमानाला उकळतं. मुंबईत १००, पुण्यात साधारण ९८ आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंश. महाबळेश्वरला उकळत्या पाण्यावर ‘१००’ जुळवलेला डबा पठारावरून खाली आणला, की चार-पाच अंशांची चूक सोबत घेऊन येतो.

मग सरळ डिजिटल सेन्सरच का घेऊ नये?

हा रास्त प्रश्न आहे. डीएस१८बी२० उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची अचूकता देतो, ३ व्होल्टवर चालतो, आकडा थेट डिजिटल देतो. संदर्भ व्होल्टेजची सगळी भानगड त्याच्या पोटातच मिटते. चाळीत, पोल्ट्रीत, दूध संकलन केंद्रावर खरं काम करायचं असेल तर मीही तोच सुचवीन. फक्त बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत, हे लक्षात ठेवा. नकली सेन्सर अर्ध्या अंशाचं वचन पाळेलच असं नाही. म्हणजे बर्फाची परीक्षा त्यालाही चुकत नाही. सावली, डबा आणि जागा यांचे नियमही त्याला तेवढेच लागू आहेत.

पण शिकायला सुरुवात अॅनालॉग सेन्सरने करावी, असं माझं ठाम मत आहे. डिजिटल सेन्सर लायब्ररी टाकली की आकडा देतो आणि तो कुठून आला हे विचारायची गरजच उरत नाही. अॅनालॉग सेन्सरच्या पायावर मल्टिमीटर लावून विद्यार्थी ७५० मिलिव्होल्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, त्यातून ५०० वजा करतो, १० ने भागतो आणि २५ अंश काढतो. सगळा हिशेब त्याच्या हातात असतो. तो चुकला तर कुठे चुकला, हेही शोधता येतं.

कॉलेजांनी काय करावं?

आपल्या इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांमधून दरवर्षी तापमान मोजणारे अनेक प्रोजेक्ट बाहेर पडतात. स्मार्ट शेती, स्मार्ट शीतपेटी, स्मार्ट पोल्ट्री. अहवाल जाडजूड असतो, पण त्यात ‘हे उपकरण किती चुकतं’ हे सांगणारं पान क्वचितच सापडतं.

माझी सूचना साधी आहे. मोजमाप करणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या अहवालात एक पान सक्तीचं करावं. त्यावर पाच तापमानांना प्रमाणित थर्मामीटर आणि आपला सेन्सर यांची रीडिंग शेजारी शेजारी, पुरवठ्याचं मोजलेलं व्होल्टेज आणि शेवटी एक ओळ : ‘हे उपकरण इतक्या अंशांपर्यंत चुकू शकतं.’ या पानाला गुण असावेत. याला नवीन यंत्रसामग्री लागत नाही, एक दुपार लागते. सुटे भाग विकणाऱ्यांनीही सेन्सरच्या पाकिटावर किमान व्होल्टेज ठळक छापलं, तर ३.३ व्होल्टच्या बोर्डावर एलएम३५ जोडणारे निम्मे विद्यार्थी दुकानातच थांबतील.

यावर एक आक्षेप ऐकू येतो. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट आहेत, दोन-तीन अंशांनी काय बिघडतं? प्रयोगशाळेत काहीच बिघडत नाही. पण हेच विद्यार्थी पुढे उपकरणं बनवतात आणि ‘आकडा जुळवून टाकायची’ सवयही सोबत नेतात. आणि काही प्रोजेक्ट कॉलेजबाहेर जातातच. आमचा एका चाळीत गेला होता. तिथे साडेचार अंश म्हणजे वर्षभराची मेहनत घाईने विकायची की थांबायचं, एवढा फरक होता. कांदा साठवणुकीला २५ ते ३० अंशांचा पट्टा चांगला मानला जातो. तो पट्टाच पाच अंशांचा आहे!

आम्ही नंतर डबा परत आणला. ‘वजा १४’ काढून टाकलं, सूत्रात ३.३ लिहिलं, एलएम३५ऐवजी टीएमपी३६ लावला, सेन्सर डब्याच्या बाहेर काढला आणि बर्फ व कोमट पाण्यात तपासला. परत चाळीत टांगला तेव्हा काचेपेक्षा एका अंशाहून जास्त फरक पडत नव्हता. पडद्याच्या खाली आम्ही मार्करने लिहिलं, ‘१ अंश कमीजास्त’.

काकांनी ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे चुकतंय हे तुम्हाला मान्य आहे?” आम्ही हो म्हणालो. “मग ठेवा,” ते म्हणाले. काचेचा थर्मामीटर मात्र त्यांनी काढला नाही. तो आजही डब्याच्या शेजारीच टांगलेला आहे.